बसणं धरून

आजच्या सभेचे अध्यक्ष, या उद्यानाचे माजी अधीक्षक आणि आम्हा सगळ्यांचे मोठे साहेब. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले विद्यमान अधीक्षक, म्हणजे आमचे नवे साहेब, जे येऊन दोन वर्षं झाली तरी नवेच आहेत. ज्यांच्यासाठी सकाळपासून ही खुर्च्यांची ओढाओढ चालली ते सत्कारमूर्ती, पायवाटांचे वनरक्षक. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या वहिनी, आणि शेजारी मोबाईलवर सगळं टिपून घेणारी त्यांची लेक. कार्यालयातले, गस्तीवरचे, बोटीवरचे आणि उपाहारगृहातले माझे सहकारी. आणि दाराशी उभे असलेले ते दोन पर्यटक, ज्यांना आत काहीतरी फुकट दाखवतायत असं वाटलंय. या, या, आत या. मागे जागा आहे. आज तिकीट नाही.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. चोवीस वर्षं मी तिकीटखिडकीमागे बसून बोलतेय, पण ते एका वेळी एकाच माणसाशी आणि मध्ये काच असते. इथे समोर एवढी माणसं आणि काच नाही. त्यामुळे आवाज जरा कापला तर समजून घ्या. आणि नाही कापला तर मात्र वेळेवर लक्ष ठेवा, कारण माझ्या जिभेला हाड नाही हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या जिभेनं काय करून ठेवलंय, तेच आज सांगायचं आहे. पण आधी सत्कारमूर्तींबद्दल चार चांगले शब्द. निरोप समारंभात ते बोलावेच लागतात.

आपण सगळे त्यांना मिनिटराव म्हणतो. त्यांच्या निवृत्तीच्या कागदावर त्यांचं खरं नाव वाचलं तेव्हा आमचा ड्रायव्हर म्हणाला, "हे कोण आणि? मिनिटराव पण जातायत ना?" हे नाव पडलं कसं, ते नव्या लोकांना सांगायला हवं. या माणसाला कुठलंही अंतर विचारा, ते अंतर सांगत नाहीत. दीपगृह किती लांब? सत्तर मिनिटं. दवाखाना? चौदा मिनिटं. एकदा मी वैतागून विचारलं, "अहो, तुमच्या लग्नाला किती झाली?" तर म्हणाले, "हॉलपासून घर अकरा मिनिटं होतं." आता बोला! आणि अशा माणसाला आपण निरोपाची भेट म्हणून काय दिलं? भिंतीवरचं घड्याळ. ही कल्पना कोणाची होती ते मी विचारणार नाही. तो माणूस हसतोय, म्हणजे कळलंच.

तेहतीस वर्षं या माणसानं आपल्या अकरा वाटा सांभाळल्या. पावसाने खचलेली पायरी, वाऱ्याने आडवं पडलेलं झाड, खारफुटीतल्या लाकडी वाटेची कुजलेली फळी, सगळं यांच्या हातून गेलं. आणि वाटांच्या तोंडाशी ज्या निळ्या पाट्या आहेत ना, पांढऱ्या अक्षरांच्या, त्याही यांनीच रंगवल्या. अक्षर काय सुरेख! ऱ्हस्व-दीर्घाबद्दल बोलत नाही, आज चांगलंच बोलायचं आहे. पाटीवर वाटेचं नाव, खाली बाण, आणि बाणाखाली मिनिटं. किलोमीटर नाही, मीटर नाही. फक्त मिनिटं.

आता या मिनिटांची एक गंमत होती आणि ती मला एकटीला ठाऊक आहे असं मला वाटायचं. मी नोकरीला लागले तेव्हा दीपगृहाच्या पाटीवर चाळीस मिनिटं होती. पुढे दोन वर्षांनी एक दिवस बघते तर साठ. मग काही वर्षांनी पंचावन्न, मग पन्नास, मग पंचेचाळीस. चार वर्षांपूर्वी पुन्हा साठ. दोन वर्षांपूर्वी सत्तर. दीपगृह जागच्या जागी. खडक जागच्या जागी. मग वाट लांबतेय कशी? मी माझ्या हुशारीनं निष्कर्ष काढला की मिनिटरावांचे गुडघे गेले. ते स्वतःच्या चालीने वेळ लिहितात आणि जसे गुडघे कुरकुरतात तसा आकडा वाढतो. हा विनोद मी चहाच्या वेळी किती जणांना सांगितला असेल! मिनिटराव रोज चार वाजता माझ्या खिडकीशी चहाला यायचे, तेव्हा त्यांच्या तोंडावरही सांगायचे. "काय हो, गुडघ्यांनी आज किती मिनिटं वाढवली?" ते फुंकर मारत चहा प्यायचे आणि म्हणायचे, "बाई, तुम्ही एकदा चालून बघा." बस्स, तेवढंच.

मधली काही वर्षं आकडा खाली का आला, गुडघे काय मधेच तरुण झाले होते का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. विनोद एकदा जमला की माणूस हिशेब तपासत नाही.

आणि हो, इथे एक कबुली देऊन टाकते. नाहीतर मागून कोणीतरी देईलच. चोवीस वर्षं या उद्यानात नोकरी करून मी एकही वाट चालले नव्हते. हसा, हसा. घर ते खिडकी आणि खिडकी ते घर. पर्यटकांना मात्र मी घसा फोडून सांगायचे, "थोड्या पायऱ्या आहेत, मग सुंदर खारफुटी, मग कडा, तिथून दोन्हीकडे समुद्र दिसतो, मग घोरणारा खडक आवर्जून बघा, मग ओहोटी असताना वाळूची पुळण ओलांडून दीपगृह." सगळं मिनिटरावांकडून ऐकलेलं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे काय, ते माझ्याकडून शिकावं. एका बाईंनी तर मला विचारलं होतं, "तुम्ही रोज जात असाल ना हो? किती भाग्यवान!" मी म्हटलं, "रोज नाही जमत."

तर आता मूळ गोष्टीकडे येते. नवे साहेब, जरा सावरून बसा, तुम्ही यात आहात.

आमच्याकडे दर आठवड्याला एक तक्ता वर कार्यालयात जातो. त्यात एक रकाना असतो, पर्यटकांच्या तक्रारी. खिडकी माझी, म्हणून रकाना माझा. गेल्या मोसमात तरुण मुलांचे दोन-तीन गट आले आणि काचेवर टकटक करून म्हणाले, "काकू, पाटीवर सत्तर मिनिटं लिहिलीयत, आम्ही पंचवीसमध्ये पोचलो. फसवता काय लोकांना?" मी तक्रार लिहिली. तेवढं लिहून थांबले असते तर आज हे भाषण पाच मिनिटांत संपलं असतं. पण नाही. मी पुढे लिहिलं, "पाटी रंगवणाऱ्याच्या गुडघ्यांप्रमाणे वेळ वाढत असल्याचे दिसते."

विनोद होता हो तो! मला वाटलं, वरच्या कार्यालयात कोणीतरी वाचेल आणि हसेल. पण सरकारी तक्त्यात विनोदाला रकाना नाही. आमच्या मोठ्या साहेबांच्या काळात असतं तर त्यांनी मला बोलावून चहा पाजला असता आणि कागद फाडला असता. नवे साहेब कामाचे पक्के. त्यांनी शेरा मारला, "तपासून कार्यवाही करावी." आणि आपल्याकडे तपासणी राहून जाईल एखादवेळी, कार्यवाही राहत नाही. दीड महिन्यात छापील पाट्या तयार होऊन आल्या. हिरव्या, चकचकीत, उपकरणाने मोजलेलं अंतर. दीपगृह, दोन पूर्णांक एक किलोमीटर. आत्ता त्या भांडारात कागदात गुंडाळून ठेवल्यात आणि येत्या मंगळवारी, उद्यान बंद असतं त्या दिवशी, लागणार आहेत. जुन्या निघणार.

साहेबांचा यात दोष नाही, हे मी त्यांच्यासमोर सांगते आणि पाठीमागेही सांगते. ते स्वतः एकवीस मिनिटांत दीपगृहाला पोचतात. हातातलं घड्याळच त्यांना पावलं मोजून देतं. एकवीस मिनिटांत जाताना वाटेत काय दिसतं ते त्यांनाच ठाऊक, पण पोचतात खरे. ज्याला एकवीस मिनिटं लागतात त्याला सत्तर हा आकडा वेडगळच वाटणार. चुकीचं लिहिलं ते मी.

आदेशाची प्रत मिनिटरावांनाही मिळाली. त्यात वर, संदर्भ म्हणून, माझं वाक्य शब्दशः छापलं होतं. गुडघ्यांसकट. खाली लिहिलं होतं, पुढील सूचनेपर्यंत जुन्या पाट्यांना कोणीही हात लावू नये.

त्या दिवशी चार वाजता ते चहाला आले नाहीत. मला वाटलं, वाटेवर काही काम निघालं असेल. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आज पाच आठवडे झाले. भेटले की नमस्कार करतात, हसतात, कागदावर सही करून देतात. पण चहा नाही. माणूस भांडला तर बरं असतं, निदान उलट बोलता येतं. मी रोज चार वाजता दोन कप घेऊन बसायचे आणि एक थंड झाला की ओतून द्यायचे. उपाहारगृहातल्या मावशींनी शेवटी विचारलं, "बाई, तुम्हाला दुसरा कप लागतोच कशाला?" मी कप विसळायला घेतला.

मग तीन आठवड्यांपूर्वी नव्या साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "पाट्या लावण्याआधी एक शेवटची पडताळणी फाईलला जोडायची आहे. तक्रार तुमची आहे. मंगळवारी तुम्हीच घड्याळ लावून दीपगृहाची वाट चाला आणि किती वेळ लागतो ते लिहून द्या." मी म्हटलं, "मी?" ते म्हणाले, "तुम्हाला वाट माहीत असेलच." आता चोवीस वर्षांनंतर नाही कसं म्हणणार!

नवे बूट घेतले. कोणीही नवे बूट घालून लांब चालू नये, हेही मी चोवीस वर्षं लोकांना सांगत आले होते. मंगळवारी सकाळी ओहोटीची वेळ बघून निघाले. मोबाईलवर वेळ चालू केली. आणि खिडकीच्या मागे, जिथे मी रोज डबा धुते, तिथून वीस पावलांवर पायऱ्या सुरू झाल्या. "थोड्या पायऱ्या." एकशे बारा! मी मोजल्या. ज्या ज्या म्हाताऱ्या माणसाला मी "थोड्याच आहेत हो" म्हणून पाठवलं, त्या सगळ्यांची मी तिथेच, साठाव्या पायरीवर बसून, मनातल्या मनात क्षमा मागितली.

पण वर पोचले, पलीकडे खाडीच्या बाजूला उतरले आणि काय सांगू तुम्हाला! मी तुम्हाला सांगतेय, जे रोज बघता. खारफुटीतून ती लाकडी वाट जाते, खाली चिखलात एवढे एवढे खेकडे, पाऊल वाजलं की सगळे एकदम बिळात. पाण्यावरून एक निळा पक्षी असा सरळ गेला की मी "अगंबाई!" म्हणून ओरडलेच. कोणी ऐकलं नाही म्हणून बरं. मग चढण, वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेली झाडं, आणि मग झाडं संपली. दोन्हीकडे समुद्र. मी किती हजार लोकांना हे वाक्य सांगितलं असेल, "तिथून दोन्हीकडे समुद्र दिसतो". हे वाक्य किती कोरडं आहे हो! मी तिथे रडले. थकव्याने असेल.

आणि कड्यावरच्या बाकावर बघते तर मिनिटराव आणि वहिनी बसलेले.

वहिनींना चार वर्षांपूर्वी बरं नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. डाव्या पायात तेव्हापासून ताकद कमी. हातात काठी. शेजारी मिनिटरावांची पिशवी, पिशवीत रंगाचा डबा आणि ब्रश. मला बघून मिनिटराव उठून उभे राहिले, जणू मीच साहेब. वहिनी मात्र म्हणाल्या, "या ताई, बसा. धापा टाकताय. इथे बसायचंच असतं." मी मोबाईलकडे बघून म्हटलं, "अहो, पण वेळ चालू आहे." तर मिनिटराव म्हणाले, "चालू दे. बसणं धरूनच मोजायचं."

बसणं धरून. आणि मला एकदम आठवलं. अध्यक्ष महाराज, तुम्हालाही आठवत असेल. मी लागले तेव्हा पाट्यांवर आकड्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, "बसणं धरून". दीपगृह, चाळीस मिनिटं, बसणं धरून. तुम्ही पहिल्याच तपासणीत म्हणाला होतात, "सरकारी पाटीवर बसणं कसं धरणार? लोक हसतील." आणि ते दोन शब्द रंगाखाली गेले. आकडा राहिला. मान हलवताय, म्हणजे आठवलं! रागावू नका, माझा गुन्हा तुमच्यापेक्षा मोठा आहे. तुम्ही दोनच शब्द पुसले, मी अख्ख्या पाट्या काढायला लावल्या.

पुढची हकीगत वहिनींनी सांगितली. मिनिटराव समुद्राकडे तोंड करून उभे होते आणि मधून मधून "जाऊ दे ना आता" म्हणत होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी पाटी रंगवली ती स्वतःच्या चालीने. बावीस मिनिटं. एक आजोबा नातीला घेऊन आले, पाटी वाचली, भरतीची वेळ बघितली, बावीस मिनिटांचा हिशेब केला आणि दीपगृह बघून परत फिरले. पुळणीच्या मध्यावर पाणी चढलं. मिनिटरावांनी कड्यावरून बघितलं, धावत उतरले, नातीला खांद्यावर घेतलं आणि आजोबांना हाताला धरून बाहेर आणलं. आजोबा कमरेपर्यंत भिजलेले. ते रागावले नाहीत. उलट मिनिटरावांना म्हणाले, "माफ करा हो, चूक माझीच. तुम्ही लिहिलंय तेवढ्या वेळात मला चालता आलं नाही."

मिनिटराव घरी गेले आणि जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या आईला घेऊन वाटेवर आले. तिच्याबरोबर चालले, ती बसली तिथे बसले, आणि जो वेळ लागला तो लिहिला. चाळीस. तेव्हापासूनचा त्यांचा नियम, घरातलं जे सगळ्यात हळू चालणारं माणूस असेल त्याची वेळ पाटीवर. आधी आई. मग ही लेक चालायला लागली तेव्हा साठ, कारण ती प्रत्येक शिंपल्यापाशी थांबायची. ती मोठी होत गेली तसा आकडा उतरला. मग वहिनी. मी ज्याला गुडघे समजत होते ते त्यांचं सगळं घर होतं.

मी त्या बाकावर बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला सुचलं नाही. हे ऐकून तुमच्यापैकी काहींना ती जागा बघायला जावंसं वाटेल.

आणि एक सांगते, खिडकीवर बसून मला हे कधी कळलं नव्हतं. पंचवीस मिनिटांत पोचणारे तक्रार करायला येतात. ज्या आजी सत्तर मिनिटं वाचून वेळेत परत फिरल्या, त्या येत नाहीत. त्यांना काही झालंच नाही, तर त्या येऊन सांगणार काय? आणि मी तर रोज त्याच आकड्यावर भरतीचा हिशेब करून लोकांना सांगते, "तीन वाजेपर्यंत परत फिरा." आकडा खोटा आहे असं म्हणत म्हणत त्याच आकड्याच्या भरवशावर चोवीस वर्षं माणसं पाठवत होते आणि ती सगळी कोरडी परत येत होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मग आम्ही तिघं पुढे निघालो. घोरणारा खडक ऐकला. खरंच घोरतो! लाट आत शिरली की "घुर्रर्र" आणि वरच्या भोकातून फवारा. वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्यापेक्षा बरा घोरतो, मधे थांबतो तरी." कड्याच्या पोटात पक्ष्यांची घरटी दाखवली. पुळणीवर खडकातल्या पाण्यात लाल चांदणीमासा दाखवला. वहिनी प्रत्येक ठिकाणी काठी रोवून उभ्या राहायच्या, आणि मिनिटराव दोन पावलं पुढे जाऊन, काहीतरी बघतोय असं दाखवत, थांबायचे. आपण वाट बघतोय हे वहिनींना जाणवू नये म्हणून. अशी सोबत फार थोड्यांना मिळते, वहिनी. मला बोलू द्या, तुम्ही पदरात तोंड लपवलंत तरी मी बोलणार.

दीपगृहाच्या पायरीला हात लावला आणि मोबाईल बंद केला. पंच्याऐंशी मिनिटं.

ऐकलंत ना? पंच्याऐंशी. मी सत्तर जास्त आहे हे सिद्ध करायला गेले होते आणि सत्तर कमी निघाले. गेल्या दोन वर्षांत वहिनींची चाल आणखी हळू झाली आहे. मी मिनिटरावांना म्हटलं, "अहो, मग आकडा बदला ना! रंग आहे की पिशवीत." ते म्हणाले, "रंग मी दोन आठवडे घेऊन फिरतोय, बाई. पण पाट्यांना हात लावायचा नाही असा आदेश आहे."

माझ्यामुळे. माझ्या एका ओळीच्या विनोदामुळे या माणसाला नोकरीच्या शेवटच्या महिन्यात स्वतःच्या पाटीवर खरा आकडा लिहिता आला नाही. त्या आजोबांनंतर आज पहिल्यांदा ती पाटी चुकीची आहे, आणि ती चूक माझी आहे. एवढं सगळं होऊनही ते मला एक शब्द बोलले नाहीत. परतताना पायऱ्यांवर माझ्या टाचेला फोड आला तर यांनीच पट्टी लावून दिली.

नवे साहेब, पडताळणीचा कागद मी तुम्हाला अजून दिलेला नाही. तुम्ही दोनदा मागितलात, मी दोनदा विसरले म्हटलं. विसरले नव्हते. त्या कागदावर नुसते पंच्याऐंशी लिहून दिले असते तर फाईलमध्ये गेले असते, आणि तुम्ही पुन्हा शेरा मारला असता. म्हणून तो कागद मी इथे, सगळ्यांसमोर वाचून दाखवला. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, पण शिस्तभंग म्हणू नका.

माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या हिरव्या पाट्या लावा. चांगल्या आहेत, दुरून दिसतात, आणि किलोमीटर ज्यांना कळतात त्यांना उपयोगी आहेत. पण एखाद्या आजीला विचारा, "दोन पूर्णांक एक किलोमीटर जमेल का?" ती म्हणेल, "म्हणजे किती वेळ?" आणि तो वेळ उपकरण सांगत नाही. तेव्हा तुमच्या आकड्याखाली मिनिटरावांची मिनिटंही राहू द्या. आणि सोमवारनंतर ते सरकारी माणूस राहणार नाहीत, ब्रश हातात धरायचा त्यांना अधिकार राहणार नाही, तर तो अधिकार त्यांना द्या. वेतन मागत नाहीत ते. दर वर्षी एकदा दोघं चालतील आणि आकडा लिहितील. कधी तो वाढेल, कधी...

अं? थांबा, नव्या साहेबांनी चिठ्ठी पाठवली आहे. भाषणात चिठ्ठी आली म्हणजे काय लिहिलेलं असतं ते मला पाठ आहे. "कृपया आवरते घ्यावे." घेते हो, घेते. चष्मा कुठे गेला... हां.

"किलोमीटरच्या खाली जागा सोडलेली आहे. आकडा काय लिहायचा?"

साहेब! अहो साहेब, हे तुम्ही... जरा टाळ्या थांबवा, मला वाचल्यासारखं होऊ द्या. खाली सही पण आहे. आणि तारीखसुद्धा. सही आणि तारीख असलेली चिठ्ठी म्हणजे आदेशच झाला! मोठे साहेब, तुम्ही साक्षीदार आहात, यांना उद्या फिरता येणार नाही. लिहा साहेब, पंच्याऐंशी. पाच आणि आठ, नाही नाही, आठ आणि पाच.

काय म्हणताय वहिनी? मोठ्यानं बोला, मागच्यांनाही ऐकू दे.

वहिनी म्हणतायत, "नव्वद लिहा. त्या दिवशी ताई बरोबर होत्या, म्हणून मी लाजेखातर भरभर चालले."

नव्वद, साहेब. खाडाखोड न करता लिहा.

आता खरंच आवरते. अध्यक्ष महाराज, तुम्ही एवढ्या लांबून आलात आणि माझी टोमणेबाजी हसत सोसलीत, तुमचे आभार. नवे साहेब, तुमचे आभार कसे मानायचे हे मला सुचत नाही, म्हणून तक्ता वेळेवर देईन. वहिनी, लेकीबाळी, उपाहारगृहातल्या मावशी, ज्यांनी खुर्च्या मांडल्या ते आणि ज्यांना त्या उचलायच्या आहेत ते, तुम्हा सर्वांचे आभार. दाराशी उभं राहून पूर्ण ऐकणाऱ्या त्या दोन पाहुण्यांचेही. तुम्हाला सांगते, पायऱ्या एकशे बारा आहेत.

भाषण संपवताना चुकलं-माकलं पोटात घाला असं म्हणायची रीत आहे. या सभागृहाला मी ते रीत म्हणून म्हणते, कारण कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला एखादा शब्द टोचला असेल. मिनिटराव, तुम्हाला मात्र रीत म्हणून म्हणत नाही. मी चुकले. मला माफ करा.